बारा शिक्क्यांचं इंजिन

१५ एप्रिल, सोमवार

ही वही दोन वर्षं कोरी पडून होती. निवृत्तीच्या दिवशी रेल्वेच्या लोकांनी निरोपाबरोबर दिली, कातडी पुठ्ठ्याची. तेव्हा ठरवलं होतं, रोज लिहायचं. पण लिहिण्यासारखं काही घडावं लागतं. आज घडलं. आमच्या मिनीबसला इंजिन बसलं.

पेन्शनची एकरकमी रक्कम दोन वर्षं उशिरा का होईना, फेब्रुवारीत आली आणि मी ही जुनी मिनीबस घेतली. तिचं इंजिन पहिल्या दिवसापासून खोकत होतं. आता मिस्टर सिंकालांच्या दुकानातून दुसरं बसवलं. जपानहून उतरलेलं, वापरलेलंच, पण धुऊनपुसून असं ठेवलेलं की त्यात तोंड बघून दाढी करावी. आणि इंजिनाबरोबर मिळालं हमीपुस्तक. हिरवा पुठ्ठा, चोवीस पानं, आत बारा चौकोनी घरं. दर पाच हजार किलोमीटरला सिंकालांच्याच दुकानात, त्यांच्याच सीलबंद डब्यातलं ऑइल भरायचं, डब्याचं झाकण जपून ठेवायचं आणि एका घरात शिक्का घ्यायचा. बारा घरं भरायच्या आत इंजिन गेलं तर दुसरं इंजिन फुकट. कलम चार: अन्य कोणत्याही ऑइलचा थेंब आत जाता कामा नये. कलम सात: अन्य कोणत्याही मिस्त्रीने इंजिन उघडता कामा नये. तसं झालं तर कळावं म्हणून ऑइल चेंबरच्या नटावर आणि फिल्टरवर लाल रंगाचा ठिपका दिलेला आहे. नट फिरला की ठिपका फुटतो.

चौतीस वर्षं मी मालधक्क्याच्या कचेरीत कागद तपासले. इतका विचार करून केलेला कागद मोजून तीनचार वेळा हाती आला असेल. घरी येऊन बायकोला, म्हणजे बाना सांपाला (आमच्या सांपाची आई म्हणून ती बाना सांपा, तसा मी बाशी सांपा), पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, हे जेरेंना कोण सांगणार?

१६ एप्रिल

मीच सांगितलं. जेरेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो आमच्या मागच्या गल्लीत राहतो, वीस वर्षांचा शेजार आहे, आणि आमच्या अख्ख्या ब्वाचा वस्तीतल्या गाड्या त्याच्या हाताखालून जातात. आमचं खोकणारं इंजिन दोन महिने त्यानेच जगवलं. म्हणाला, "माकड खाणाऱ्याला झाडावरून उतरवून गाडी दिली ते ठीक. पुस्तक कशाला दिलं?" मी म्हटलं, उंदीर भाजणाऱ्याने आधी हात धुवावेत, मग कलम सातबद्दल बोलू.

आमचं बोलणं असंच चालतं. तो एन्गोनी जमातीचा, म्हणजे उंदीर खाणारा; मी बेंबा, म्हणजे माकड खाणारा. आमच्या पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली, त्याची भरपाई म्हणून आम्हाला एकमेकांना वाटेल ते बोलायची मुभा आहे आणि राग मानायची मनाई. माझ्या वडिलांच्या अंत्ययात्रेत हा जेरे शवपेटीच्या वाटेत आडवा पडला होता. म्हातारा माझे सहा उंदीर देणं लागतो, ते दिल्याशिवाय पुरू देणार नाही म्हणाला. माझी आई दोन दिवस नुसती बसून होती, ती तेव्हा हसली आणि मग तिला रडू आलं. हे मी विसरलेलो नाही.

आज जाताना मात्र त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच उभा राहिला. गुरांचा डॉक्टर दुसऱ्याच्या गाईजवळ उभा राहतो तसा. मला वाईट वाटलं. पण कलम ते कलम.

१८ मे, शनिवार

पहिला शिक्का. जांभळी शाई, कडा स्पष्ट, जरासुद्धा तिरका नाही. मिस्टर सिंकाला शिक्का मारताना श्वास रोखतात, हे मी नमूद करतो. झाकण बिस्किटांच्या डब्यात ठेवलं आणि वर तारीख लिहिली.

महिनाभर गाडी उत्तम चालली. मी चालवतो, बाना सांपा दाराशी बसून भाडं घेते आणि ब्वाचा बाजारात उतारू गोळा करते. तिचा आवाज चर्चमधल्या गायनात कमावलेला असल्यामुळे बाकीच्या बसवाल्यांची पंचाईत होते. चौतीस वर्षं मी इतरांच्या गाड्या वेळेवर सोडल्या, स्वतः एकही चालवली नव्हती.

संध्याकाळी जेरे जेवायला आला. मी हात धुवायला पाणी आणेपर्यंत त्याने इंजिनातली ऑइल बघायची पट्टी ओढलीसुद्धा. (हे कलम सातमध्ये बसतं की नाही याबद्दल मी साशंक आहे.) ऑइल बोटांवर चोळलं, हुंगलं, जिभेला लावलं आणि थुंकला. म्हणाला, "बाशी सांपा, हे ऑइल नाही. जळकं ऑइल गाळून, काळा रंग काढून नव्या डब्यात भरलंय. नोव्हेंबरच्या पावसाच्या आत तुझं इंजिन जाम होईल." मी म्हटलं, उंदरांनी जीभ इतकी तयार केली की आता हा ऑइलही चाखायला लागला. आणि पोट धरून हसलो. नेहमी तो एकाला दोन परत करतो. आज नुसताच हात धुऊन जेवायला बसला. वय होत चाललंय त्याचं.

बाना सांपाने त्याला पुन्हा विचारलं, नेमकं काय म्हणालात. त्याने तिला हळू आवाजात पुन्हा तेच सांगितलं. तो गेल्यावर ती मला म्हणाली, त्यांचं ऐका. मी तिला कलम चार आणि सात पुन्हा मोठ्याने वाचून दाखवलं. शिवाय डब्याचं सील कारखान्याचं होतं, तेही दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

२० मे

काल रविवार. प्रार्थनेनंतर चर्चच्या पंच मंडळाची बैठक, विषय छपराची पन्हळ, कामकाज अडीच तास. मी चिटणीस असल्यामुळे उठता येत नाही. बाना सांपा एरवी आंब्याखाली बसून माझी वाट बघते. काल डोकं दुखतं म्हणून चालत घरी गेली. मी पोहोचलो तर डोकं दुखायचं थांबलेलं, मक्याच्या पिठाचा न्शिमा आणि पाल्याची भाजी तयार, धुतलेली ताटं दोन. जेरे डोकावला होता म्हणे.

आज सकाळी आरसा घेऊन गाडीखाली शिरलो आणि ठिपका तपासला. अगदी कालच दिल्यासारखा टवटवीत. इंजिनाचा आवाज शनिवारपेक्षा मऊ. सिंकालांचं ऑइल मुरायला एक दिवस लागतो असं दिसतं.

कोंबड्या एकोणीस होत्या, पंधरा उरल्या. बाना सांपा म्हणते मुंगूस.

१७ जून

दुसरा शिक्का परवा झाला. काल पुन्हा डोकं दुखलं. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणते, ते रविवारीच दुखतं आणि रविवारी दवाखाना बंद. मुंगसाने आणखी चार नेल्या.

एक वेगळीच गोष्ट घडली. बाना सांपाने नखांना लावायचा लाल रंग आणला आहे. एकोणसाठाव्या वर्षी. आणि लावला कुठे, तर फक्त उजव्या अंगठ्याला, तोही थोडा नखाबाहेर. मी विचारलं तर म्हणाली, कसा दिसतो ते बघत होते. मी म्हटलं, छान दिसतो, सगळ्यांना लाव. तर ती इतकी हसली की उखळावर बसावं लागलं. मी काय विनोद केला ते कळलं नाही. पण बऱ्याच दिवसांनी तिला असं हसताना पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. आवडते मला ती अजून. हे इथे लिहायला हरकत नाही.

गायनमंडळातली बाना चिबुये कोबीच्या पिकअपसाठी इंजिन शोधत होती. एकटीच्या जिवावर तीन नातवंडं सांभाळते. प्रार्थनेनंतर तिला माझं पुस्तक दाखवलं, दोन्ही शिक्के दाखवले. ती आजच सिंकालांकडे गेली आणि इंजिन ठरवून आली. कुणाच्या उपयोगी पडलो की दिवस बरा जातो.

२२ जुलै

जुलै म्हणजे इथली कडक थंडी. तिसरा शिक्का शनिवारी. त्याच दिवशी मी मुंगसाचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं आणि खुराड्यामागे लोखंडी सापळा लावला, पाल्याखाली नीट झाकून. कुणाला सांगितलं नाही. मुंगूस चतुर असतं आणि बायका बोलतात.

काल बैठकीहून आलो तर सापळा मिटलेला, आत काही नाही. कोंबड्या सात. आज सकाळी जेरे लंगडत चाललेला दिसला. मी विचारलं काय झालं. म्हणाला, "उंदीर चावला." मी म्हटलं, शेवटी त्यांनी सूड घेतलाच. तो हसला नाही, बाना सांपाला मात्र ठसका लागला.

लिहू नये, पण लिहितो. मी नसताना जेरे माझ्या खुराड्यामागे काय करत होता? दर महिन्याला एक रविवार, एक डोकेदुखी, एक जास्तीचं ताट. आणि तो नखाचा रंग. दुपारभर स्टिअरिंग हातात असून माझं रस्त्याकडे लक्ष नव्हतं. मग आरशात बघितलं तर ती दाराशी बसून एका म्हाताऱ्या बाईची टोपली मांडीवर घेऊन गप्पा मारत होती. अडतीस वर्षांत तिने माझ्यापासून एकच गोष्ट लपवली आहे, ती म्हणजे माझ्या जेवणातलं मीठ तिने किती कमी केलंय. मला स्वतःची लाज वाटली. काही विचारलं नाही.

२ सप्टेंबर

वाईट बातमी. बाना चिबुयेचं इंजिन कापिरीच्या रस्त्यावर जाम झालं. कोबी उन्हात सडला. सिंकालांनी इंजिन बघून सांगितलं, बाईने दुसरं ऑइल घातलंय, कलम चारचा भंग, हमी रद्द. ती शपथेवर सांगते की घातलं नाही.

ती पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. मी सगळी पानं तपासली. दोन शिक्के वेळेवर, दोन्ही झाकणं हजर. पण मग इंजिन जाईल का? माझा तर चौथा शिक्काही झाला, आणि इंजिन तेच ऑइल पिऊन चार महिन्यांहून जास्त दिवस नव्यासारखं चालतंय. मी तिला शक्य तितक्या हळुवारपणे म्हटलं की घाईगडबडीत एखाद्या वेळी दुसरा डबा ओतला गेला असेल, आठवून बघ. तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि निघून गेली. बाना सांपा चुलीजवळ उभी होती. तिच्या हातातला चमचा न्शिमात तसाच राहिला आणि तळाला करपलं. असं तिच्या हातून कधी होत नाही.

१९ सप्टेंबर

बाना चिबुये एकटी नाही. आणखी तीन गाडीवाल्यांची इंजिनं गेली आणि चौघांनी मिळून बसस्थानक संघटनेकडे तक्रार केली. सोमवारी सुनावणी. मिस्टर सिंकाला आज स्वतः घरी आले, बाना सांपाने दिलेल्या शेंगा खाल्ल्या, आणि मला साक्ष द्यायची विनंती केली. म्हणाले, "मिस्टर कासोन्दे, ह्या गावात नियम पाळणारे तुम्ही एकटे आहात. तुमचं इंजिनच बोलेल." एवढी वर्षं नोकरी केली, असं कुणी म्हटलं नव्हतं.

दोन मसुदे केले. चौघांबद्दल मला वाईट वाटतं, पण जे खरं ते सांगायला हवं. माझं इंजिन चालू आहे. का चालू आहे, तर पुस्तकाप्रमाणे वागलो म्हणून.

२० सप्टेंबर

अक्षर आज नीट येत नाही, तरी लिहितो.

संध्याकाळी बाना सांपाला साक्षीचा पक्का मसुदा वाचून दाखवला. ती इस्त्री करत होती, माझाच कोट. "सदर इंजिनात मिस्टर सिंकाला यांच्या ऑइलव्यतिरिक्त अन्य ऑइलचा थेंबही गेलेला नाही" या वाक्याशी तिने इस्त्री उभी ठेवली.

"हे वाक्य तुम्ही म्हणू नका," ती म्हणाली.

मी विचारलं का. तिने मला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं, खुराड्यामागचा पाला पायाने सरकवला. खाली रांगेने डबे होते. चार शिक्क्यांचे चार डबे. मी शनिवारी इंजिनात भरून घेतलेलं ऑइल, सगळंच्या सगळं, त्यांत होतं. वर हिरवट पाणी आणि तळाला चिखल.

दर शिक्क्यानंतरच्या रविवारी, मी बैठकीत पन्हळीचं टिपण काढत असताना, जेरे गाडीखाली शिरून ते काढत होता आणि चांगलं ऑइल भरत होता. ते ती कोंबड्या विकून आणत होती. मुंगूस नव्हतं. फुटलेल्या ठिपक्यावर ती गाडीखाली निजून नखाचा रंग लावत होती. आणि मी म्हटलं होतं, छान दिसतो, सगळ्यांना लाव.

जेरेला बोलावलं. तो कुंपणापाशीच उभा राहिला, आत येईना. मी खूप ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवटी म्हटलं, "मला सरळ का नाही सांगितलंस?"

"सरळच सांगितलं होतं. तू हसलास."

"तू जन्मभर काहीतरी बरळत आलायस. हे खरं होतं हे मला कसं कळावं?"

"तेच तर," जेरे म्हणाला. "तुझ्याशी खरं बोलायची कधी वेळच आली नव्हती. आली तेव्हा मला जमलं नाही. तिला जमलं ऐकायला."

मग बाना सांपा पुढे आली. म्हणाली, आपलं इंजिन वाचलं म्हणून मी खूश होते, पण बाना चिबुयेने तिथून इंजिन घेतलं तेव्हा मी गप्प बसले. बोलले असते तर तुम्हाला कळलं असतं, म्हणून गप्प बसले. तिचा कोबी माझ्यामुळे सडला. सोमवारी तुम्ही ते वाक्य म्हणालात तर तिला इंजिन कधीच मिळणार नाही.

मी घरात आलो आणि ही वही काढली.

२१ सप्टेंबर

गाडी काढली नाही. अंगणात गाडीतच बसून राहिलो. पुस्तक समोर होतं. चार शिक्के. प्रत्येक सरळ, आणि प्रत्येक खोटा.

ऑइलचं दुःख नाही. सिंकालांचाही राग नाही एवढा. मला फसवलं ते माझ्या माणसांनी. चार महिने माझ्याच अंगणात, माझ्याच पाठीमागे. हिला मी एवढा मूर्ख वाटतो का, की सांगून उपयोग नाही, गुपचूप करून मोकळं व्हावं? ती दोनदा चहा घेऊन आली. पहिला मी घेतला नाही.

दुसरा घेतला. गार होता.

२३ सप्टेंबर, सोमवार

सुनावणी झाली. बसस्थानकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, संघटनेचे अध्यक्ष सिटाली मध्ये, भोवती सत्तरऐंशी माणसं. सगळे गाडीवाले, भाजीवाल्या, आणि बाहेर थांबलेल्या बसमधले उतारूसुद्धा. मिस्टर सिंकालांनी माझं नाव पुकारलं. मी कोट घालून उभा राहिलो. खिशात दोन्ही मसुदे होते, एकही काढला नाही.

मी म्हटलं, माझं इंजिन उत्तम चालतं. सिंकाला हसून सगळ्यांकडे बघायला लागले. मी म्हटलं, कारण पहिल्या शिक्क्यापासून मिस्टर सिंकालांचं ऑइल त्यात एका दिवसापेक्षा जास्त कधी राहिलेलं नाही. आणि मग सगळं सांगितलं. डोकेदुखी, मुंगूस, नखाचा रंग, मी आरसा घेऊन ठिपक्याची तपासणी करत होतो ते, सगळं. सापळ्यापाशी आलो तेव्हा शेडमध्ये लोक एकमेकांच्या खांद्यावर पडत होते. माझ्यावर एवढी माणसं आयुष्यात कधी हसली नव्हती. कान तापले होते, पण मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

सिंकाला म्हणाले, मग तुमचीही हमी रद्द. मी म्हटलं, हो, आणि पुस्तक अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलं. ते ठेवताना मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त जड गेलं.

सिंकाला म्हणाले, खुराड्यामागच्या डब्यांत पाणी कुणीही ओतू शकतं. तेही बरोबर होतं, मी असतो तर तेच म्हटलं असतं. तेव्हा जेरे पुढे आला. त्याने अध्यक्षांना सिंकालांच्या दुकानातून एक सीलबंद डबा आणायला माणूस पाठवायला सांगितलं. डबा आला, सील अध्यक्षांनी स्वतः तोडलं. शेडच्या दाराशी भजी तळणाऱ्या बाईचा कोळशाचा शेगडा होता. जेरेने तिची रिकामी कढई तापवली आणि त्यात पळीभर ऑइल ओतलं. चांगलं ऑइल गप्प राहतं. हे तडतडलं, उडालं, जवळ उभ्या दोघांच्या शर्टांवर पडलं. भजीवाली म्हणाली, "ह्यात तर माझ्या पिठापेक्षा जास्त पाणी आहे."

त्यानंतर कुणी हसलं नाही. सिंकाला खाली बसले. म्हणत होते की त्यांनाही डबे सीलबंदच येतात, त्यांनी कधी तोडून बघितलं नाही. असेलही. मीही कुठे तोडून बघितलं होतं? अध्यक्षांनी निकाल दिला, चौघांना महिनाअखेर दुसरी इंजिनं, आणि सिंकालांनी मान डोलावली. तेवढ्या माणसांत दुसरं काय करणार.

बाना चिबुयेला मी तिथेच सगळ्यांसमोर म्हटलं की मी तुझ्यावर आळ घेतला, चूक माझी. ती म्हणाली, "आधी गाडीत जागा द्या, मला घरी जायचंय. माफीचं जाताना बघू." ती पुढच्या सीटवर बसली आणि उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. बाना सांपाने तिच्या घरात जाऊन तिला काय सांगितलं मला माहीत नाही. दोघी बराच वेळ आत होत्या आणि डोळे पुसत बाहेर आल्या.

२९ सप्टेंबर, रविवार

आज पंच मंडळाच्या बैठकीतून पहिल्यांदा मध्येच उठलो. टिपण अर्धवट राहिलं. फादरना वाटलं मला बरं नाही.

घरी पोहोचलो तेव्हा जेरे गाडीखाली होता, त्याचे पाय तेवढे दिसत होते, आणि बाना सांपा चांगल्या ऑइलचा डबा घेऊन शेजारी बसली होती. मला बघून ती उठायला लागली. मी बस म्हटलं. कोट काढला, बाह्या वर केल्या आणि जेरेला विचारलं, काय धरू. तो खालून म्हणाला, माकडांना घमेलं धरता येतं का बघ. मी घमेलं धरलं. मला वाटलं होतं ऑइल सावकाश येईल, ते भसकन आलं आणि कोपरापर्यंत हात भरला. गरम असतं ते. एवढी वर्षं मालगाड्या सोडल्या आणि हे मला माहीत नव्हतं.

जेरे जेवून गेला. आठ दिवस विचारायची राहिलेली एक गोष्ट मग तिला विचारलीच. म्हटलं, जेरेचं मला कळलं नाही हे मान्य. पण तू मला कलमं वाचू दिलीस, शिक्के दाखवू दिलेस, आणि मागे हे करत राहिलीस. मी तुला एवढा बावळट वाटतो का?

ती ताटं आवरत होती, ती खाली ठेवून बसली. म्हणाली, निवृत्तीनंतर दोन वर्षं तुम्ही रोज सकाळी सहाला उठून, बूट घालून, दाराजवळच्या खुर्चीत बसत होतात. कुठे जायचं नव्हतं. मी बूट काढा म्हटलं की म्हणायचात, काढतो, आणि दुपारपर्यंत तसेच बसायचात. सांपाला फोनवर मी काही सांगितलं नाही, जेरेंना तेवढं सांगितलं होतं. मग ते हिरवं पुस्तक आलं आणि त्या दिवशी तुम्ही मला ते वाचून दाखवताना उभे राहिलात, हातवारे केलेत, कचेरीतून आल्यासारखे बोललात. ते मी तुमच्या हातातून काढून घ्यायचं होतं?

मी म्हटलं, पण इंजिन गेलं असतं तर?

"इंजिन बिघडलं तर जेरेंकडे नेता येतं," ती म्हणाली. "तुम्हाला कुणाकडे नेलं असतं?"